आर्क्टिकची जमीन वितळतेय म्हणजे नेमकं काय होतंय? पर्माफ्रॉस्ट आणि पाण्याची गोष्ट

पूर्व सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात एक जुनी विहीर आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्यानं ती खणायला घेतली. तो रशियन-अमेरिकन कंपनीचं तिथलं काम बघायचा. विहीर खणण्यामागचं कारण साधं होतं, पाणी हवं होतं. पण वरची थोडी माती सोडली की खाली सगळी जमीन दगडासारखी गोठलेली. अजून थोडं खणू, अजून थोडं खणू, असं करत जवळपास दहा वर्षं काम चाललं. विहीर ११६ मीटर खोल गेली. आजच्या हिशोबात ही पस्तीस-चाळीस मजली इमारतीची उंची झाली. पाणी काही लागलं नाही.

विहीर म्हणून ती साफ फसली, पण विज्ञानाला तिचा भलताच उपयोग झाला. १८४० च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेंडॉर्फ या संशोधकानं तिच्या भिंतींमध्ये वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. वरपासून तळापर्यंत सगळीकडे ते शून्याच्या खाली होतं. जमीन पोटात इतक्या खोलवर गोठलेली असू शकते, याचा हा सुरुवातीच्या ठोस पुराव्यांपैकी एक.

त्या जमिनीत पाणी नव्हतं असं नाही. भरपूर होतं, पण बर्फ होऊन मातीत अडकलेलं होतं. आज आर्क्टिकमध्ये जे चाललंय ते समजून घ्यायचं तर हीच गोष्ट धरून पुढे जावं लागतं. हवा तापतेय, त्यामुळे जमिनीतला बर्फ सुटतोय आणि हजारो वर्षं एका जागी बसलेलं पाणी हलायला लागलंय.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय?

सलग किमान दोन वर्षं ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहतं, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्येत बर्फाचा उल्लेखही नाही. कोरडा खडक शून्याखाली राहिला तरी तो पर्माफ्रॉस्टच. पण प्रत्यक्षात खरा प्रश्न बर्फाचाच आहे, कारण जिथे माती आणि बर्फ मिसळलेले आहेत तिथेच सगळी गडबड होते.

उत्तर गोलार्धातल्या जमिनीचा साधारण एक चतुर्थांश भाग पर्माफ्रॉस्टच्या पट्ट्यात येतो. रशियाचा मोठा भाग, कॅनडाचा उत्तरेकडचा भाग, अलास्का, ग्रीनलंडच्या कडा, शिवाय तिबेटचं पठार. याची जाडी सगळीकडे सारखी नसते. दक्षिणेकडच्या कडेला ती काही मीटरच भरते, तर सायबेरियात काही ठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास जाते.

वरचा थर मात्र दर उन्हाळ्यात मोकळा होतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. याला सक्रिय थर म्हणतात. तो कुठे एक-दीड फूट असतो, कुठे दोन मीटर. गवत, शेवाळ, झुडपं, झाडांची मुळं सगळं या थरातच. त्याच्या खाली मुळांना वाट नाही आणि पाण्यालाही नाही.

‘जमीन वितळतेय’ असं बातम्यांत लिहिलं जातं, ते अर्धंच खरं आहे. फ्रीजरमधून गोठलेलं मटण बाहेर काढून ताटात ठेवलं तर मटण वितळत नाही. त्यातला बर्फ वितळतो, मटण मऊ पडतं आणि ताटात पाणी सुटतं. जमिनीचंही तसंच होतं. फक्त इथे ताटाच्या जागी अख्खा प्रदेश असतो आणि मटणावर घरं बांधलेली असतात.

पाऊस जैसलमेरपेक्षा कमी, तरी तळीच तळी

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला उत्कियागविक नावाचं गाव आहे. पूर्वी त्याला बॅरो म्हणायचे. तिथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १३० ते १४० मिलिमीटर पाणी पडतं. जैसलमेरमध्येही याहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे हिशोबानं हे वाळवंटच. पण विमानातून खाली पाहिलं तर नजर जाईल तिथे तळी, डबकी आणि दलदल दिसते.

याचं कोडं आपल्याकडे शेततळं पाहिलेल्या कोणालाही पटकन सुटेल. शेततळ्यात पाणी टिकतं ते खाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या अस्तरामुळे. आर्क्टिकमध्ये ते अस्तराचं काम पर्माफ्रॉस्ट करतं. पडलेलं थोडंसं पाणी खाली मुरू शकत नाही, थंडीमुळे त्याची वाफही फारशी होत नाही, मग ते वरच साठून राहतं. लाखो तळी, त्यांच्यावर येणारे स्थलांतरित पक्षी, दलदलीतलं गवत आणि ते खाणारं रेनडिअर, हे सगळं त्या गोठलेल्या अस्तरावर उभं आहे.

शेततळ्याचं अस्तर फाटलं तर काय होतं, हेही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण आर्क्टिकमध्ये एक भानगड आहे. इथलं अस्तर फाटण्याआधी खचतं, आणि खचताना सुरुवातीला पाणी वाढतं.

जमिनीतल्या पाचरी

उन्हाळ्यात काळ्या मातीच्या रानाला भेगा पडतात, त्या आपण पाहिलेल्या असतात. आर्क्टिकमध्ये भेगा कडाक्याच्या थंडीनं पडतात. गोठलेली जमीन आणखी थंड झाली की आकसते आणि तडकते. भेग अगदी बारीक असते. वसंतात वरचं बर्फाचं पाणी त्या भेगेत उतरतं आणि खालच्या थंडीनं तिथेच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा तिथेच तडकते, कारण तीच कमकुवत जागा असते. पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. असं शेकडो, हजारो वर्षं चाललं की जमिनीत बर्फाची पाचर तयार होते. वरून रुंद, खाली निमुळती. काही पाचरी कित्येक मीटर रुंद असतात. सायबेरियातल्या जुन्या गाळात त्या ३०-४० मीटर खोलही सापडतात.

या पाचरींचं जाळं वरून पाहिलं तर जमीन फरशीसारख्या बहुकोनी तुकड्यांत विभागलेली दिसते. प्रत्येक तुकड्याच्या कडा थोड्या उंच आणि मध्यभागी खोलगट, त्यात पाणी. आर्क्टिकची ओळख असलेली डबक्यांची नक्षी ती हीच.

सायबेरिया आणि अलास्कातल्या ‘येडोमा’ नावाच्या गाळात तर बर्फ इतका असतो की आकारमानाचा निम्म्याहून जास्त, काही ठिकाणी ८०-९० टक्के भाग बर्फच भरतो. त्या जमिनीला जमीन म्हणणंही जरा धाडसाचं आहे. बर्फ गेला की उरलेली माती खाली बसते आणि खड्डे, चर, कोसळलेले उतार तयार होतात. या प्रकाराला थर्मोकार्स्ट म्हणतात.

याकुतियातला बातागाय इथला खड्डा हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. तिथलं जंगल तोडल्यावर जमिनीवरची सावली आणि शेवाळाचं पांघरूण गेलं, ऊन थेट पोचायला लागलं आणि खचणं सुरू झालं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका घळीपासून सुरू झालेला हा खड्डा आता जवळपास एक किलोमीटर पसरलाय. त्याच्या उघड्या पडलेल्या भिंतींत साडेसहा लाख वर्षांपूर्वीचा गोठलेला थर सापडलाय. म्हणजे तो थर आजवर अनेक उष्ण काळांतून तगला होता. पांघरूण काढल्यावर काही दशकांत उघडा पडला.

खचणं नेहमी वाईटच असतं असंही नाही. याकुतियात जंगलाच्या मध्ये गवताळ, बशीसारखी मैदानं असतात, त्यांना ‘अलास’ म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी जमीन खचून तिथे तळी झाली, मग ती आटली आणि गवत उगवलं. साखा लोकांनी कित्येक शतकं याच कुरणांवर घोडे आणि गाई पाळल्या. आताचा फरक वेगाचा आहे. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलाय. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जायच्या तिथे आता एका माणसाच्या हयातीत शेताचं डबकं होतं.

आधी तळी वाढतात, मग गायब होतात

२००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सायबेरियाच्या तळ्यांवर एक अभ्यास आला. संशोधकांनी १९७३ आणि १९९७-९८ मधली उपग्रहचित्रं शेजारी ठेवून दहा हजारांहून जास्त मोठी तळी मोजली. मोठ्या तळ्यांची संख्या १,१७० नं घटली होती. बहुतेक तळी आकसली होती आणि १२५ पूर्ण नाहीशी झाली होती. पण त्याच चित्रांत, जिथे पर्माफ्रॉस्ट अखंड होतं, तिथे तळी वाढलेली दिसली.

विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टींची संगती अशी लागली. सुरुवातीला बर्फ वितळून जमीन खचते, खड्ड्यात पाणी साठतं, तळं रुंदावतं. पुढे तळ्याखालचं पर्माफ्रॉस्ट आरपार मोकळं होतं आणि पाणी खाली मुरून जातं. म्हणजे वाढ आणि ऱ्हास हे एकाच प्रक्रियेचे दोन टप्पे.

मात्र तळं आटायला तळच फाटायला हवा असं नाही. कड फुटली तरी भागतं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या फोर्ट मॅकफर्सनजवळ एक लहान तळं कड्यावरून कोसळून खालच्या दरीत रिकामं झालं. तळं आणि दरी यांच्यामध्ये गोठलेल्या जमिनीची एक भिंत होती आणि ती दरवर्षी ढासळत आत सरकत होती. भूवैज्ञानिकांनी आधीच अंदाज बांधून कॅमेरे लावले होते, म्हणून जगाला ते दिसलं. अशी कितीतरी तळी कोणी पाहायला नसताना वाहून जात असणार.

बर्फाच्या पाचरींचं जाळंही असंच काम करतं. २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात आर्क्टिकच्या वेगवेगळ्या भागांतल्या पाचरी तपासल्या होत्या. पाचरीचा नुसता माथा वितळला तरी तिच्यावरची जमीन चरासारखी बसते. हे चर एकमेकांना मिळाले की शेतातल्या पाटांसारखे सगळ्या डबक्यांचं पाणी ओढून ओढ्यात नेतात. जमीन एखाद्या फुटानं खाली गेली तरी दलदलीचं कोरड्या माळात रूपांतर व्हायला तेवढं पुरतं. आणि हे बदल एका दशकाच्या आत झालेले आढळले.

पूर्वी असं मानलं जायचं की तळी आटण्याचा टप्पा यायला अजून बराच वेळ आहे, आधी काही दशकं ती वाढत राहतील. २०२२ मध्ये गेल्या दोन दशकांच्या उपग्रह नोंदींवर झालेल्या अभ्यासानं या समजाला धक्का दिला. आर्क्टिकमध्ये मोठ्या भागात तळ्यांचं पाणी कमी होत असल्याचं त्यात दिसलं. त्यामागे तापमानाबरोबर आणखी एक कारण सापडलं, ते म्हणजे शरद ऋतूतला वाढलेला पाऊस. पाऊस वाढला आणि तळी आटली, हे वाचताना चूक वाटते. पण पावसाचं पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जमिनीत उतरतं.

पाणीच बर्फाला खातं

इथे थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र लागतं. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. त्यामुळे बर्फाळ जमीन शून्याच्या आसपास पोचली की तिथे बराच काळ रेंगाळते. तापमापकाचा आकडा हलत नाही, बाहेरून काही घडतंय असं वाटत नाही, पण आत बर्फ संपत असतो. तो संपला की आकडा झपाट्यानं वर जातो. याच कारणानं ‘अजून तर शून्याखालीच आहे’ हा दिलासा फसवा असतो.

जमिनीवर पाणी साचलं की हे काम आणखी वेगानं होतं. पाण्याचा रंग गडद, ते ऊन शोषतं. हिवाळ्यात तळ्यावर साधारण दीड-दोन मीटर जाडीचा बर्फ धरतो. तळं त्याहून खोल असेल तर तळाशी पाणी वर्षभर पाणीच राहतं. त्याच्या खालची जमीन मग कधीच गोठत नाही आणि हळूहळू एक मोकळा कप्पा खाली खाली वाढत जातो. त्याला टालिक म्हणतात. अस्तराला भोक पडतं ते इथून.

हिमवर्षावाचंही लोकांना उलटं वाटतं. जास्त हिम पडलं की जमीन जास्त गार होईल असं नाही. जाड हिम गोधडीसारखं काम करतं, उणे तीस-चाळीसची हवा जमिनीपर्यंत पोचू देत नाही. उबेमुळे टुंड्रात आता झुडपं वाढतायत, झुडपांत वाऱ्यानं उडणारं हिम अडकतं, आणि झुडपांखालची जमीन हिवाळ्यातही पुरेशी थंड होत नाही.

यात एक प्राणीही सामील झालाय. बीव्हर हा उंदराच्या कुळातला, झाडं कुरतडून ओढ्यांवर धरणं बांधणारा प्राणी. त्याला वाहतं पाणी आणि झुडपं लागतात. टुंड्रात ती मिळायला लागल्यावर तो उत्तरेकडे सरकला. अलास्कातल्या कोत्झेब्यू गावाभोवतीच्या १०० चौरस किलोमीटर परिसरात २००२ मध्ये बीव्हरची २ धरणं होती. २०१९ मध्ये ती ९८ झाली. तिथे वाढलेल्या पाण्याच्या पृष्ठभागापैकी जवळपास दोन तृतीयांश वाढ या धरणांमुळे आहे. प्रत्येक तळ्याखाली पर्माफ्रॉस्ट मोकळं होतंय. त्या बिचाऱ्याला याची कल्पना असायचं कारण नाही, पण सरकारी परवानगी न घेता इतक्या वेगानं जलसंधारण दुसरं कोणी केलं नसेल.

नद्यांचा रंग बदलला

अलास्काच्या उत्तरेला ब्रूक्स नावाची पर्वतरांग आहे. बहुतेक भागात रस्ते नाहीत, खाणी नाहीत, वस्ती नावालाच. नद्यांचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ. गेल्या दहा-एक वर्षांत यातल्या अनेक नद्या आणि ओढे केशरी झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७५ प्रवाहांची नोंद आहे.

कारण पुन्हा तेच, पाणी नव्या वाटेनं जाऊ लागलंय. या डोंगरांत लोह आणि गंधक असलेली खनिजं आहेत. जमीन गोठलेली होती तोवर त्यांच्यापर्यंत पाणी आणि प्राणवायू पोचत नव्हते. वाट मोकळी झाल्यावर खनिजांची रासायनिक प्रक्रिया सुरू झाली, आम्ल तयार झालं, लोह विरघळून नदीत आलं आणि तिथे गंजलं. काही झऱ्यांच्या पाण्याचा पीएच २.३ इतका खाली गेलेला सापडला. लिंबाच्या रसाचा तेवढाच असतो. लोहाबरोबर जस्त, तांबं, कॅडमियम यांसारखे धातूही येतात. कोबुक व्हॅली राष्ट्रीय उद्यानातल्या एका प्रवाहात पाणी केशरी झाल्यानंतर तिथले मासे नाहीसे झाल्याची नोंद आहे.

एरवी खाणीतून गळणाऱ्या पाण्यामुळे नद्यांची अशी दशा होते, आणि मग निदान खाणमालकाला जाब तरी विचारता येतो. इथे कोणाची खाणच नाही.

कार्बनचं काय? आणि ‘मेथेन बॉम्ब’?

सोशल मीडियावर पर्माफ्रॉस्टचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास येतात, झोंबी व्हायरस आणि मेथेन बॉम्ब. पहिल्याबद्दल थोडक्यात सांगायचं तर, ३० हजार वर्षं गोठलेला एक विषाणू शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रयोगशाळेत जागा केला हे खरं आहे, पण तो अमिबाला बाधतो, माणसाला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात यमाल द्वीपकल्पावर अँथ्रॅक्सची साथ आली, एका मुलाचा मृत्यू झाला आणि दोन हजारांवर रेनडिअर दगावले. उष्णतेच्या लाटेत उघडा पडलेला जुना संसर्ग हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. धोका आहे, पण सिनेमातल्यासारखा नाही.

कार्बनचा मुद्दा जास्त गंभीर आहे. पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातल्या मातीत सुमारे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे. आज वातावरणात आहे त्याच्या साधारण दुप्पट. मेलेली झाडं, मुळं, प्राणी, सगळं न कुजता साठलेलं. माती मोकळी झाली की सूक्ष्मजीव ते कुजवायला लागतात.

त्यातून कुठला वायू निघणार, हे ठरतं पाण्यावर. जमीन कोरडी, हवा खेळती असेल तर कार्बन डायऑक्साइड. पाणी साचलेलं, प्राणवायू नसेल तर मेथेन. मेथेन वातावरणात तुलनेनं कमी काळ टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशोबात त्याची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. अलास्का आणि सायबेरियातल्या थर्मोकार्स्ट तळ्यांवर हिवाळ्यात बर्फात अडकलेले बुडबुडे दिसतात. बर्फाला भोक पाडून काडी ओढली तर भडका उडतो, ते व्हिडिओ खरे असतात.

म्हणजे तळी आटली तर बरंच झालं का? मेथेनपुरतं पाहिलं तर काही अंशी हो. पण कोरड्या झालेल्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड जास्त निघतो, शिवाय वाळलेलं शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा थर पेटतो. वणवा लागला की जमिनीवरचं पांघरूण जळतं आणि खालचा बर्फ उघडा पडतो.

सगळा कार्बन एकदम बाहेर येईल असा ‘बॉम्ब’ मात्र बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार जग दर एक अंशानं तापलं की २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे १८ अब्ज टन कार्बन बाहेर येऊ शकतो. हा अंदाज ३ ते ४१ अब्ज टनांच्या मध्ये कुठेही असू शकतो. माणूस आज दरवर्षी जीवाश्म इंधनं जाळून साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतो, त्याच्याशी तुलना केली तर हा बॉम्ब नाही, न बंद होणारी गळती आहे. पण हिशोबात एक मोठी मेख आहे. असे अंदाज मुख्यतः जमीन वरून हळूहळू मोकळी होते असं धरून केलेले असतात. अचानक खचणं, दरड कोसळणं, तळी फुटणं यांचा हिशोब त्यात नीट बसत नाही. २०२० मधल्या एका अभ्यासानुसार असं अचानक खचणं पर्माफ्रॉस्टच्या २० टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्रात होईल, पण त्याचा परिणाम तिथल्या साठ्यातल्या निम्म्या कार्बनवर होऊ शकतो, कारण बर्फ आणि कार्बन एकाच जागी भरपूर आहेत.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या वार्षिक आर्क्टिक अहवालात नोंद आली की वणव्यांचा धूर धरला तर आर्क्टिकचा टुंड्रा आता कार्बन साठवणारा राहिलेला नाही, तो कार्बन सोडू लागलाय.

नळ, तळघर आणि तेलाची टाकी

अलास्काच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट होप गावाला पाणी मिळतं ते गावाबाहेरच्या टुंड्रातल्या तळ्यातून. वर्षभराचं पाणी उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत शुद्ध करून टाक्यांत भरून ठेवायचं, अशी तिथली पद्धत. २००८ च्या उन्हाळ्यात तळ्याचं पाणी इतकं तापलं की शेवाळ माजलं आणि फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबायला लागले. हंगाम छोटा, त्यात फिल्टर बंद, म्हणजे हिवाळ्याच्या पाण्याचा प्रश्न. जमिनीत इतकं पाणी गोठलेलं असताना गावाला पिण्याच्या पाण्याची चिंता, हे चित्र इथे नवं नाही.

याच किनाऱ्यावरचे इन्युपियाट लोक व्हेलचं मांस ठेवायला पर्माफ्रॉस्टमध्ये तळघरं खणतात. त्यांना ‘सिग्लुआक’ म्हणतात. वीज नको, यंत्र नको, शतकानुशतकं चाललेला फ्रीजर. आता काही तळघरांत पाणी शिरतंय, काही ढासळतायत.

नव्या बांधकामांचीही सुटका नाही. १९७७ मध्ये सुरू झालेली १,२८७ किलोमीटरची अलास्का तेलवाहिनी जवळपास निम्मी जमिनीच्या वर खांबांवर नेलीय, कारण गरम तेलाचा नळ जमिनीत पुरला असता तर त्याच्याच उष्णतेनं खालचा बर्फ गेला असता. याकुत्स्कमधल्या इमारतीही खांबांवर उभ्या आहेत, खालून थंड हवा खेळावी म्हणून.

२९ मे २०२० रोजी रशियातल्या नोरिल्स्क शहरात इंधनाची एक टाकी खचून फुटली आणि २० हजार टनांहून जास्त डिझेल जमिनीत आणि नद्यांत गेलं. कंपनीनं लगेच वितळत्या पर्माफ्रॉस्टकडे बोट दाखवलं. पुढे रशियाच्याच औद्योगिक सुरक्षा यंत्रणेनं टाकीच्या बांधकामातले दोष आणि देखरेखीतला हलगर्जीपणा समोर आणला, आणि न्यायालयानं सुमारे १४६ अब्ज रूबलची भरपाई भरायला लावली. जमीन मऊ होतेय हे माहीत असताना टाकी तपासायची कोणी, हा प्रश्न हवामानाच्या नावावर टाकता येत नाही.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बियाणे कोठाराचा किस्सा तुलनेनं सौम्य आहे. पर्माफ्रॉस्टमधल्या डोंगरात बियाणं आपोआप थंड राहील म्हणून ते तिथे २००८ मध्ये उघडलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं जपलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांची वाणंही तिथे ठेवलेली आहेत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अवेळी पाऊस झाला आणि प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्यापर्यंत ते पोचलं नाही, वाटेतच गोठलं. नॉर्वेनं मग बोगदा नव्यानं, पाणी झिरपणार नाही असा बांधला. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही याच बेटांवर, नी-ओलेसुंद इथे २००८ पासून आहे. त्याचं काम गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं.

गाव उचलून न्यायचं

पश्चिम अलास्कात निंगलिक नदीच्या काठावर न्यूटॉक हे युपिक लोकांचं गाव होतं. वस्ती तीनशेहून थोडी जास्त. पर्माफ्रॉस्ट मऊ झालं तशी घरं कलली, लाकडी पायवाटा चिखलात बुडाल्या. काठ बांधून ठेवणारा बर्फ गेल्यावर नदी वर्षाला सरासरी २० मीटरच्या आसपास जमीन खाऊ लागली. कचऱ्याची जागा गेली, धक्का गेला, पुराचं पाणी गावात शिरू लागलं.

गावानं दुसरीकडे जायचं ठरवलं ते १९९० च्या दशकातच. जमिनीच्या अदलाबदलीला अमेरिकी संसदेची मंजुरी २००३ मध्ये मिळाली. गाव हलवण्याचं काम एका खात्याचं नव्हतंच, त्यामुळे पैसा तुकड्या-तुकड्यांनी आला. नव्या जागी राहायला गेलेली पहिली कुटुंबं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गेली. २०२४ संपता संपता जुनं गाव जवळपास रिकामं झालं होतं.

नवी जागा नदीपलीकडे, साधारण १४ किलोमीटरवर, नेल्सन बेटाच्या उंच खडकाळ भागात आहे. तिथे खाली बर्फाळ चिखलाऐवजी ज्वालामुखीचा खडक आहे. जागेचं जुनं युपिक नाव आहे मर्टार्विक. त्याचा अर्थ, झऱ्यावरून पाणी भरायची जागा.